गुडघ्यांवरची माती

२६ फेब्रुवारी १९५८, बुधवार

काल मी गुडघे टेकले!

त्यांना खाली ठेवलं. माती लोटली. शेजारचे मेइरभावजी प्रार्थना म्हणू लागले – ती मुलानं म्हणायची, आम्हाला मुलगा नाही, म्हणून ते. सगळे उभे होते. आणि मी खाली. कधी बसले ते कळलंच नाही. दोन्ही गुडघे मातीत, हात जुळलेले, मान खाली. वडील गेले तेव्हा अहमदनगरला बसले होते, अगदी तशी.

येहुदितबाईंनी काखेत हात घालून उठवलं. त्या मेइरभावजींच्या बायको, भिंतीपलीकडे राहतात. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "चक्कर आली हिला. कालपासून पोटात काही नाही." मग वाकून माझ्या पातळावरची माती झटकली. फार जोरात झटकली. माझ्याकडे बघितलं नाही.

ज्यू लोक मयताला असे गुडघे टेकत नाहीत. मला माहीत आहे. मला सगळंच माहीत आहे. शुक्रवारचा दिवा किती वाजता लावायचा, मटण मिठात किती वेळ ठेवायचं, दुधाची भांडी कुठं आणि मटणाची कुठं. सासूबाईंनी मुंबईला शिकवलं, बाकीचं इथं इस्रायलला बघून बघून शिकले. पण मुंबईला आमच्या घरच्या बायका कबरस्तानात जात नसत. सासरे गेले तेव्हा सासूबाई आणि मी दारातूनच मागे फिरलो. इथं सगळ्या गेल्या. तिथं कसं उभं राहायचं ते मला कोणी करून दाखवलेलं नव्हतं. मग जे आपलं होतं तेच बाहेर आलं.

ही वही त्यांची. पुढच्या पानांवर कारखान्यातल्या सिमेंटच्या पाइपांची मापं आहेत. मी मागून सुरुवात केली आहे.

त्यांचं नाव मी कधी घेतलं नाही. इथं लिहिते. गर्शोन. गर्शोन गलसुरकर. सोमवारी सकाळी चहा ठेवून हाक मारली. उठले नाहीत. बेचाळिसावं वर्ष चालू होतं.

२७ फेब्रुवारी

घरातल्या आरशावर चादर टाकली आहे. दुखवट्यात टाकतात. बरं आहे.

१ मार्च, शनिवार

आज लिहिते आहे! शनिवारी पेन हातात धरायचं नसतं. आठ वर्षं धरलं नाही, घरात एकटी असतानासुद्धा नाही. कोण बघणार होतं? तरी नाही. आणि माझा रविवार इथं कामाचा दिवस. रविवारी सकाळी मी संत्र्यांच्या शेडमध्ये उभी असते आणि मनातल्या मनात म्हणते, आता नगरला घंटा झाली असेल.

तर लिहूनच टाकते. मी ख्रिस्ती आहे. बाप्तिस्मा झालेली, मिशनच्या शाळेच्या हेडमास्तरांची मुलगी. मुंबईला नर्स होते. हे चिरलेला हात घेऊन वॉर्डात आले, टाके काढायला आले, आणि टाके निघाल्यावरही येत राहिले. १९४५ ला रजिस्टर लग्न केलं. सासूबाई वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एक दिवस विळी पुढं सरकवून म्हणाल्या, खोबरं किस. तिथून बोलू लागल्या. मला कोणी बाटवलं नाही. मी बाटले नाही.

१९५० ला आलो. लोदला विमानातून उतरलो तेव्हा आमची मुलगी तिकवा तीन वर्षांची, अंगात ताप. तिला घेऊन मी बाकावर बसले. हे टेबलाशी उभे राहून कागद भरून देत होते. परत आले तेव्हा मी विचारलं, "माझं काय लिहिलंत?" म्हणाले, "जे आहे ते." आणि हसले. मी समजायचं ते समजले. ज्यू लिहिलं असणार. ज्यूंच्या देशात राहायला आलेला माणूस बायकोचं दुसरं काय लिहील?

माझं सुगंधा हे नाव कोकणातल्या ज्यू बाईचंही असू शकतं. आधी तंबूंच्या वस्तीत ठेवलं, तिथं शेजारणींनी मला त्यांच्यातलीच धरलं. मी काही म्हणाले नाही. मग सांगायची वेळ निघून गेली.

एक गोष्ट खुपते. आता विचारायला माणूस नाही. त्यांना माझी लाज वाटत होती का? आठ वर्षांत एकदाही म्हणाले नाहीत, सुगंधा, तू कोण आहेस ते सांग लोकांना.

३ मार्च

सातवा दिवस. सातव्या दिवशी आमच्याकडे पोह्यांचं ताट लावतात – गूळ, खोबरं, फळं – आणि भोवती बसून प्रार्थना. स्वयंपाकघरात सहा बायका आणि एकीलाही प्रमाण माहीत नाही. येहुदितबाईंची भाची अहुवा विचारत होती, पोहे आधी भिजवायचे की गूळ आधी कालवायचा. येहुदितबाई म्हणाल्या, "मला काय विचारतेस? सुगंधाला विचार. गलसुरकरांच्या म्हातारीच्या हाताखालची आहे ती." एक जण म्हणाली, आमच्या सुनेला वाटतं पोहे म्हणजे कोंबड्यांचं खाणं. सगळ्या हसल्या, मग दुखवट्याचं घर म्हणून गप्प झाल्या.

मी सांगत गेले. कोणाला काय घाल, किती घाल. ताट छान झालं. सासूबाईंनी नावं ठेवली नसती.

बायका गेल्यावर येहुदितबाई मागे राहिल्या. एकच थाळी पुसत होत्या.

"ती चक्कर होती ना?"

"नव्हती, येहुदितबाई."

थाळी कोरडी झाली होती, तरी पुसत राहिल्या. म्हणाल्या, मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. मग अहुवाचं सांगू लागल्या. अहुवाचं लग्न ठरतंय. मुलगा इराकी. लग्न लावणारा रब्बी कागद मागतो – आजीची आई कोण, तिचं लग्न कोणी लावलं, तुम्ही खरे ज्यू कशावरून? "कोकणात आम्ही तेल गाळत होतो. शनिवारी घाणा बंद. गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. गावातल्या अडाणी माणसाला कळत होतं आम्ही कोण. इथं शिकलेल्यांना कळत नाही." आवाज खाली आणून म्हणाल्या, "अशात एक घर जरी खोटं निघालं ना, तर सगळ्यांवर बोट येईल."

मी मान हलवली. काय करणार होते?

६ मार्च

पुरीमचा सण. पोरं राजा-राणीचे कपडे घालून हिंडताहेत. तिकवाला यंदा सोंग नाही. खिडकीत बसली होती. म्हणाली, मुखवटे लावून काय उपयोग, प्रत्येकाची चाल ओळखू येते. मी तिथून उठले.

१० मार्च

मेइरभावजी आले. माझे विधवेचे कागद करायला त्यांनी ट्रंकेतल्या दोन्ही ओळखपुस्तिका नेल्या होत्या, यांची आणि माझी. यांची तिकडं जमा झाली. माझी परत आणली. माझ्या हातात दिली नाही. टेबलावर ठेवली आणि वर हात ठेवून बराच वेळ बसले.

"वहिनी, ही नीट ठेवा. गर्शोन सरळ माणूस होता."

मी हो म्हटलं. पुस्तिका पुन्हा ट्रंकेत. मला हिब्रू बाजारापुरतं बोलता येतं, वाचता येत नाही. कागदपत्रांचं सगळं हेच बघत. मी ती पुस्तिका कधी उघडूनही बघितली नव्हती. उघडून काय कळणार होतं?

मग जागेचं निघालं. यांच्या शेजारची जागा रिकामी आहे. कबरस्तानाचं ऑफिस ती माझ्यासाठी राखून ठेवतं. महिना झाला की कबरीवर दगड बसवायचा, त्याच्या आदल्या दिवशी, पंचवीस तारखेला, पुस्तिका घेऊन जायचं आणि सही करायची – मी ज्यू आहे आणि ज्यूंच्या कबरस्तानात जागा मागते. मेइरभावजी खाली बघत म्हणाले, "तुम्ही जायलाच हवं असं नाही. वय काय तुमचं." त्यांना वाटलं असेल मी रडेन.

मला जायचं आहे. यांच्या शेजारची जागा मला हवी आहे. ह्या देशात दुसरं काही मागितलं नाही मी.

१३ मार्च

कामावर गेले. हंगाम संपत आला. संत्रं घ्यायचं, पातळ कागदात गुंडाळायचं, टोक पिळायचं, पेटीत ठेवायचं. हात आपोआप चालतात, हेच वाईट. डोकं मोकळं राहतं.

मुकादम बेझालेलला सुगंधा म्हणता येत नाही. पहिल्या दिवसापासून शोशाना म्हणतो. मी शोशानाला वळून बघते. आज तीन हाका मारल्या, मी वळले नाही. मुद्दाम नाही, खरंच ऐकू आलं नाही. जवळ येऊन म्हणाला, कान गेले का? माझ्या तोंडून निघालं, "माझं नाव सुगंधा." त्यानं म्हणून बघितलं – सु, गन, दा. अर्थ विचारला. चांगला वास, म्हटलं. त्यानं हातातलं संत्रं हुंगलं. "मग आठ वर्षं सांगितलं का नाहीस? इथंच तर शोभतेस." बाजूच्या बायका हसल्या. मीही.

वडिलांची हजेरी आठवली. शाळेत मी नऊ वर्षांची असेन. मैत्रीण चिंचा पाडायला गेली होती, तिच्या नावाला मी "हजर" म्हणाले. वडिलांनी ओळखलं. मारलं नाही. सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "देव एकेकाला त्याच्या त्याच्या नावानं हाक मारतो. दुसऱ्याच्या नावाला उत्तर देत बसशील तर तुझं नाव येईल तेव्हा तू कुठं असशील?" तेव्हा नुसती लाज वाटली होती.

मी आठ वर्षं दुसऱ्याच बाईच्या नावाला हजर म्हणते आहे.

१७ मार्च

तिकवाला सांगितलं. वेणी घालत होते, म्हणजे तिचं तोंड पलीकडे. नगरचे आजोबा कोण होते ते सांगितलं. मी कोण ते सांगितलं. गुडघ्यांचंही.

तिनं हिब्रूतच विचारलं, अबाला माहीत होतं? वडिलांना ती अबा म्हणते, मला इमा. म्हटलं, पहिल्या दिवसापासून. मग, "इमा, मग मी कोण?"

मी म्हटलं, "तू तिकवा."

"हे उत्तर नाही."

उठून गेली. एक वेणी घातलेली, एक बाजू मोकळी.

१८ मार्च

तशीच शाळेत गेली. अर्धी वेणी घेऊन.

२१ मार्च

येहुदितबाई आल्या. मीच बोलावलं होतं. पंचवीसला सही करणार नाही, खरं काय ते तिथं सांगणार, म्हणून सांगितलं. त्यांच्या नकळत हे होऊ नये, एवढंच.

पहिल्यांदा रागावल्या. मग माझा हात धरला. म्हणाल्या, "शेजारीण म्हणून नाही, बहीण म्हणून सांगते. सही कर. देवाला कळतं खरं काय ते. कागदाला काय कळतंय?"

मी म्हटलं, कागदाचं जाऊ दे, मला मातीखाली खोटं निजायचं नाही.

"आणि अहुवाचं मोडलं तर?"

ती मुलगी परवा माझ्याकडून पोह्यांचं प्रमाण लिहून घेऊन गेली, सासरी करीन म्हणाली. तिचं मोडलं तर मी कोणत्या तोंडानं समोर जाऊ? येहुदितबाई जाताना दारात थांबल्या. "आणि गर्शोन तिथं एकटा राहील. त्याचा विचार केलास?" हे बोलायला नको होतं.

त्या वाईट नाहीत. माझ्या पातळावरची माती त्यांनीच झटकली. मला वाचवायलाच झटकली.

पण एक मनातून जात नाही. हे लोक शेकडो वर्षं कोकणात राहिले. तिथलंच नेसले, तिथलंच बोलले, तिथलंच खाल्लं. तरी शनिवारी घाणा बंद ठेवला. एक दिवस चालू ठेवला असता तर कोणी वेगळं म्हटलं नसतं. ठेवला नाही! त्यांनी स्वतःला पुसून टाकलं नाही म्हणून तर ते इथं येऊ शकले. मग मला का म्हणतात, पुसून टाक?

ज्यानं मला केलं त्यानं विचार करून केलं असेल. नगरच्या हेडमास्तरांच्या घरी जन्म दिला आणि गलसुरकरांच्या घरी आणून बसवलं, दोन्ही त्यानंच. मी दोन्हीची आहे. एक सोडून दुसरी होऊन दाखवावी असं त्यानं कधी मागितलं नाही. लोकांनीही मागितलं नव्हतं पहिल्यांदा. मीच देऊन टाकलं.

२३ मार्च, रविवार

कामावर गेले नाही. रविवार म्हणून घरी राहिले, आठ वर्षांत पहिल्यांदा.

वडिलांनी दिलेलं काळं पुस्तक ट्रंकेच्या तळातून काढलं. पानांना डांबराच्या गोळ्यांचा वास. खोलीच्या मध्ये गुडघे टेकले. दार लावलं नाही, भरदिवसा. रस्त्यावरून कोणी जात असेल तर जाऊ दे. शब्द येईनात. मराठीत सुरू केलं, मधेच सासूबाईंनी शिकवलेलं हिब्रू मिसळलं. तसंच राहू दिलं. प्रभूला दोन्ही येतं.

किती वेळ गेला माहीत नाही. तिकवा शाळेतून आली. दारातच उभी राहिली. मी उठले नाही. सहा दिवसांत माझ्याशी धड बोलली नव्हती.

"दुखत नाहीत गुडघे?"

म्हटलं, दुखतात. सवय गेली.

ती आत गेली. कॉटवरची घोंगडी आणली, घडी करून माझ्या गुडघ्यांखाली सरकवली. यांची घोंगडी. मग भिंतीला टेकून बसली आणि दप्तरातून भाकरी काढून खाऊ लागली, जणू काही मी भाजी निवडत होते.

खाता खाता म्हणाली, पंचवीसला ती येणार. "तुला तिथलं हिब्रू जमणार नाही. काय म्हणायचं ते मला सांग, मी म्हणेन." मी म्हटलं, माझं मीच म्हणायला हवं. म्हणाली, "तू उभी राहा. मी नुसतं हिब्रू करीन."

संध्याकाळी दोन्ही वेण्या घालून घेतल्या.

२४ मार्च

भीती वाटते आहे. प्रार्थनेत म्हटलं, जागा तरी राहू दे. मग वाटलं, हे भाव करणं झालं. मग पुन्हा म्हटलं, राहू दे.

ते असते तर काय म्हणाले असते? जाऊ दे म्हणाले असते बहुतेक. आठ वर्षं गप्पच तर होते.

२५ मार्च

गेलो. टेबलामागे ओफ्रा नावाची तरुण मुलगी. मी उभी राहिले, पुस्तिका पुढं केली, मराठीत म्हटलं, "मी ख्रिस्ती आहे. सही करणार नाही." तिकवानं हिब्रू केलं.

ओफ्रानं पुस्तिका उघडली, बघितलं, खांदे उडवले. तिकवाला म्हणाली, माहीत आहे, लिहिलंय की. शेजारची जागा मिळायची नाही, तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?

तिकवानं पुस्तिका ओढून घेतली. बोट ठेवून वाचलं. मग माझ्याकडे वळली. मराठीत म्हणाली, "आई, धर्म – ख्रिस्ती. साल १९५०."

बस येईपर्यंत मी तिला ते तीनदा वाचायला लावलं.

लोदला मी विचारलं होतं, माझं काय लिहिलंत. म्हणाले होते, जे आहे ते.